अडतीस उबदार घरं

१

सोमवारी दुपारी अडीच वाजता लाल फाइल जागेवर नाही हे कळलं, आणि गुरुवारी ती पैसे गुंतवायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायची होती.

फाइल दिसायला साधीच. लाल पुठ्ठा, आत कड्यांमध्ये अडकवलेले हाताने लिहिलेले कागद. एका घराला एक कागद. आम्ही दुबईत राहणाऱ्या आपल्या चिनी माणसांसाठी भाड्याच्या घरांचं ॲप बनवत होतो. घरं दाखवणारी ॲप इथे ढिगाने आहेत, पण आपली माणसं जे विचारतात त्याचं उत्तर त्यांच्यात नसतं. स्वयंपाकघराला दार आहे का? मोठ्या आचेवर मिरच्या परतल्या तर शेजारी तक्रार करतील का? गावाहून आईबाप तीन महिने राहायला आले तर मालक तोंड वाकडं करेल का? आमचं वचन एकच होतं, की ॲपमधलं प्रत्येक घर आमच्या माणसाने स्वतः जाऊन पाहिलेलं आहे. त्याचा पुरावा म्हणजे ही फाइल.

मी होंग. दुबईत मला बावीस वर्षं झाली. त्यातली बारा वर्षं मी आख्खे बंगले भाड्याने घेऊन, मध्ये प्लायवूडच्या भिंती घालून, चार खोल्यांच्या नऊ करून नव्याने आलेल्या पोरांना दिल्या. घर दाखवताना माणूस काय काय लपवतो ते मला ठाऊक आहे, कारण ते सगळं मी लपवून झालंय. त्सुई साहेबांनी मला नोकरीला ठेवलं ते याच गुणावर. निम्मी घरं मी पाहायची, निम्मी गाओ लेईने. कागद ज्याचे त्याने फाइलला लावायचे. मग ज्याचा हात रिकामा असेल त्याने ते कॉम्प्युटरवर चढवायचे. पासवर्ड सगळ्यांना एकच, आणि तो भिंतीवर चिकटवलेला. फाइलमधले कागद कोणी मोजत नसे, एकूण आकडा कॉम्प्युटर दाखवायचा. गेल्या गुरुवारी त्याने तीनशे दाखवले आणि साहेबांनी सगळ्यांना बदक खाऊ घातलं.

ॲपचं नाव नुआनवू, म्हणजे उबदार घर. दुबईत उबदार घर! ऐकल्यावर मी तोंडावर हात धरला होता. पण नाव साहेबांनी फेब्रुवारीत हांगचौहून येतानाच ठरवून आणलेलं. मालकाने बारसं केल्यावर आपण काय बोलणार?

ऑफिसात आम्ही पाच जण. जेवणं झाली की दिवे मालवायचे, पडदे ओढायचे, घडीच्या खाटा उघडायच्या आणि पायात चपला सरकवून आडवं व्हायचं, हा आपल्याकडचा रिवाज इथेही चालू. साहेबांना तो फारसा आवडत नसे. चाळीस मिनिटं झाली की ते काचेच्या केबिनमधून मुद्दाम खोकत. त्या सोमवारी मात्र म्हणाले, "फार राबताय सगळे. आज दीड तास झोपा, फोन मी बघतो." आमच्या प्रोग्रामर पेंगच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

उठल्यावर पाहुण्यांसाठी नवा पुठ्ठा चढवायचा म्हणून मी फळीकडे गेले, तर गरम पाण्याच्या यंत्राशेजारची जागा रिकामी. बाहेरच्या दाराचं कुलूप कोण कधी आलं-गेलं ते टिपून ठेवतं. मी ती नोंद काढली. पाऊण ते सव्वादोन, कोणी आत आलं नव्हतं आणि कोणी बाहेर गेलं नव्हतं.

"म्हणजे फाइल या खोलीत आहे, आणि घेणाराही," साहेब म्हणाले आणि त्यांनी झडती सुरू केली. खण, खाटांच्या पिशव्या, सणासाठी आणलेले मूनकेकचे डबेसुद्धा उघडले. बायकांच्या बॅगा मला उघडायला सांगितल्या. बाई म्हणजे मी सोडून एकच, रुओलान. तिच्या बॅगेत फाइल नव्हती. वरच एक पत्र होतं, घरांचं ॲप चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं, नोकरी देऊ करणारं.

रुओलानचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब आवाजही न चढवता म्हणाले, "गुरुवारी सकाळी फाइल फळीवर दिसली पाहिजे. नाहीतर तुझा व्हिसा रद्द, आणि चोरीची तक्रार पोलिसांत."

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. त्यांनी फोन काढला, ग्वेयांगला तिच्या आईला लावला आणि स्पीकरवर टाकला. "तुमच्या मुलीने कंपनीची वस्तू घेतलीय. दोन गोष्टी सांगा तिला."

पलीकडे तिने ते ऐकून घेतलं. मग फोन बंद झाला.

२

मंगळवारी सकाळी मी रुओलानला पाणी भरायच्या जागी गाठलं. सव्वीस वर्षांची पोर. ॲप दिसतं कसं, काय कुठे असावं, हे सगळं तिने आखलेलं. पहिल्या पानावर दिवाणखान्याऐवजी स्वयंपाकघराचा फोटो टाकायचा, ही तिचीच अक्कल. दिशेसाठी तिने दोन चित्रं काढली होती, उत्तरेला टोपी घातलेलं हसरं घर आणि दक्षिणेला घाम पुसणारं. साहेब तेव्हा प्रवासात होते, मी आणि गाओ लेई पोट धरून हसलो होतो.

"रुओलान, मला नीट सांग."

"माझी बॅग तुम्ही उघडलीत, मावशी."

"उघडली."

"मग आता काय विचारताय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी हलले नाही. शेवटी तीच बोलली.

"पत्र पंधरा दिवसांपूर्वीचं आहे. मी नाही म्हणून कळवलंय. त्यांच्याकडे घर बघायला कुणी जातच नाही, नुसते फोटो चढवतात. तिथे मी काय चित्रं काढू?"

"दुपारी उठली होतीस?"

"एकदा. गरम पाणी भरायला."

"फाइल होती तेव्हा?"

"अंधारात काय दिसणार? मी चाचपडत बटण दाबलं, पाणी घेतलं, परत आले." मग हळूच म्हणाली, "आई कालपासून माझा फोन उचलत नाही. शाळेत शिकवते ती. उभ्या जन्मात कुणाचं पेन्सिलचं टोक घेतलं नाही तिने."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पेंगला मी त्याच्या मशीनपाशी पकडलं. शानतुंगचा गडी, पोळीत कच्ची कांद्याची पात गुंडाळून खात होता. ॲपचं आतलं सगळं यंत्र त्याने लिहिलेलं. त्याची भाड्याची खोली पश्चिमेची. खिडकीला चांदीचा कागद चिकटवूनही उशी तापते, म्हणून ऑफिसातली दुपारची झोप त्याला स्वर्गासारखी.

"तुला काही ऐकू आलं का रे काल? की घोरत होतास?"

"मी घोरत नाही, मावशी."

"तू घोरतोस. पण सांग."

त्याने घास गिळला. "चपला वाजल्या. दोनदा."

"दोनदा?"

"एकदा पाण्याकडे गेल्या, पाणी पडलं, परत आल्या. थोड्या वेळाने पुन्हा गेल्या. तेव्हा पाणी नाही पडलं."

"कुणाच्या होत्या?"

"काय सांगू? पाची जणांच्या चपला एका दुकानातल्या, एका मापाच्या. माझ्यासुद्धा पायातून निघतात."

"मग हे काल का नाही बोललास?"

"साहेब विचारत नव्हते, मावशी. साहेब सांगत होते."

पोरगं वाटतं तेवढं भोळं नव्हतं.

गाओ लेई उंच, ईशान्येकडचा. बोलतो तो पलीकडच्या इमारतीत ऐकू जातं. सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला, "मला उठवायला तोफ लागते, मावशी. आणि फाइल घेऊन मी करू काय? निम्मे कागद माझ्याच हाताचे आहेत, माझं अक्षर मलाच वाचता येत नाही."

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, कॉम्प्युटरवर सगळं आहेच, मी गुरुवारपर्यंत बसून कागद पुन्हा लिहून काढते.

"कशाला उगाच हात दुखवून घेता, होंगताई? फाइल चोरीला गेली म्हणून सांगू. पाहुणे समजून घेतील."

मला जीव तोडून काम करायची सवय, आणि कोणी नको म्हटलं की ती सवय दुप्पट होते. दुपारी सगळे झोपल्यावर मी दिवा न लावता कॉम्प्युटरसमोर बसले आणि पहिल्या घरापासून उतरवून काढायला लागले. रात्री सगळे घरी गेले तरी मी लिहीतच होते, आणि पहाटे कधीतरी दोनशे एकाहत्तरव्या घरापाशी माझा पेन थांबला.

३

ती इमारत माझ्या ओळखीची होती. तिथे मी चार वर्षं काढली आहेत. सातव्या मजल्यावरचं घर. नोंद अशी: "दक्षिणमुखी. दिवसभर भरपूर ऊन. बैठकीची खोली उबदार आणि प्रसन्न. दहापैकी दहा."

मला आधी हसूच आलं. त्या इमारतीच्या दक्षिणेच्या खोल्यांत दुपारी पाय टाकवत नसे. आम्ही लोणच्याच्या बरण्यासुद्धा तिथे ठेवत नव्हतो.

मग मी मागेपुढे पाहिलं. दोनशे बासष्टपर्यंत सगळं ठीक. त्या नोंदींत आमच्या हातचं काहीतरी दिसायचं: नळ गळतो, मालकीण कुत्र्याला घाबरते, चिमणी धूर ओढत नाही नुसती ओरडते. दोनशे त्रेसष्टपासून पुढे मात्र एका साच्यातून काढल्यासारखी घरं. दक्षिणमुखी, भरपूर ऊन, उबदार, दहापैकी दहा. फोटोही इमारतीच्या जाहिरातीतले, सोफ्यावर सुरकुती नाही. दोनशे त्रेसष्ट ते तीनशे, अडतीस घरं.

ही घरं कोणी पाहिलीच नव्हती. बसल्या जागी रचली होती.

फाइलचं गूढ तिथेच अर्धं सुटलं. आम्ही सगळे समजत होतो, की आतली माहिती हवी म्हणून कोणीतरी फाइल चोरली. पण माहिती तर कॉम्प्युटरवर होतीच, भिंतीवरचा पासवर्ड वाचून कोणीही नेली असती. फाइल पळवणाऱ्याला ती वाचायची नव्हती. दुसऱ्या कोणी मोजू नये एवढंच हवं होतं. कॉम्प्युटरवर तीनशे घरं आणि फाइलमध्ये दोनशे बासष्ट कागद, हे पाहुण्यांच्या एका मिनिटात ध्यानात आलं असतं.

आणि मग रुओलानने फाइल का न्यावी? दुसऱ्या कंपनीला तिचा काय उपयोग? तिच्यावरचा आळ कागदी निघाला. पण पोरीला वाचवायचं तर खरा माणूस हवा.

मी नोंदीच्या तळाशी पाहिलं. अडतीसही घरांखाली एकच नाव होतं. पाहणारा: गाओ लेई.

४

बुधवारी सकाळी गाओ लेईला मी त्याच्या गाडीत बसवलं आणि दारं लावून घेतली.

"दोनशे त्रेसष्टपासूनची घरं तू पाहिलीस?"

"कुठली?"

मी फोनवर दाखवली. तो वाचत गेला आणि बिया फोडायचा थांबला. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच.

"हे माझं नाही."

"नाव तुझं आहे."

"नाव माझं आहे, काम माझं नाही. मावशी, मला चोर म्हणा, थापाड्या म्हणा, पण मूर्ख म्हणू नका. मला खोटी घरं रचायचीच असती तर मी सगळी उत्तरेची रचली असती! इथे भाडेकरू फोनवर पहिला प्रश्न काय विचारतो? ऊन येतं का. आणि येतं म्हटलं की फोन ठेवतो. दक्षिणेला दहापैकी दहा? उन्हाळाभर मी जिने चढून मेलोय इथे!"

त्याचं म्हणणं ऐकता ऐकता माझ्या डोक्यातला दिवा लागला, आणि मी त्याच्या गाडीतच कपाळाला हात लावून बसले. मी नाव बघत बसले होते. बघायला हवी होती दिशा.

आपल्या देशात यांगत्से नदीच्या दक्षिणेला हिवाळ्यात घरात हाडं गोठतात. घर गरम करायची सोय नाही, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून येणारं ऊन म्हणजे चैन. घर घेताना माणूस आधी होकायंत्र काढतो आणि मग भिंती पाहतो. डोळे मिटून चांगलं घर मनात आण म्हटलं तर आपला माणूस दक्षिणमुखी घरच आणणार. ज्याने इथला उन्हाळा अंगावर काढलाय, त्याची ही सवय पहिल्या जूनमध्येच मोडते. ही अडतीस घरं रचणाऱ्याची मोडलेली नव्हती.

मग मी एकेकाला त्या मापाने मोजलं. मी स्वतः बावीस वर्षं भाजलेय. गाओ लेई जिने चढतो. पेंगच्या खिडकीला चांदीचा कागद आहे. रुओलानने तर दक्षिणेला घाम पुसणारं घर काढलेलं.

राहिला एकच माणूस. फेब्रुवारीत आलेला, जून ते ऑगस्ट भांडवल उभं करायला परत हांगचौला गेलेला. उंच इमारतीत राहणारा, घरातून लिफ्टने गाडीत आणि गाडीतून लिफ्टने केबिनमध्ये पोहोचणारा. दुबईतल्या ॲपला उबदार घर असं नाव देणारा. सोमवारी आम्हाला दीड तास झोपा म्हणणारा, आणि कागद पुन्हा लिहू नका म्हणणारा. झडतीत आम्हा सगळ्यांच्या बॅगा उघडल्या गेल्या होत्या. झडती घेणाऱ्याची केबिन कोणी उघडली नव्हती.

"मावशी, काय झालं?" गाओ लेई म्हणाला. "तोंड उघडं आहे तुमचं."

"दुपारी तुझी गाडी लागेल," मी म्हटलं. "आणि साहेबांना सांग, होंगताईला फाइलचा पत्ता लागलाय."

५

दुपारी दोन वाजता मी साहेबांना दोनशे एकाहत्तरव्या घराच्या दारात उभं केलं. गाओ लेई खाली गाडीत थांबला. लिफ्ट बंद होती, सात मजले चढावे लागले. सप्टेंबर संपत आला होता, पण इथल्या उन्हाला कोणी ते कळवलेलं नव्हतं.

"फाइल इथे आहे?" साहेबांनी दम खात विचारलं. कोट त्यांनी पाचव्या मजल्यावरच काढला होता.

दार उघडलं ते ल्यू नावाच्या म्हाताऱ्याने. वनचौचा, बाजारात बॅगा विकतो. आतून बायकोचा आवाज आला, "कोण आहे गं बाई या वेळेला?"

"हे घर भाड्याने द्यायचंय असं ऐकलं," मी म्हटलं.

"आमचं?" ल्यू घाबरला. "कुणी सांगितलं? सहा वर्षं आम्ही इथेच आहोत! मालक काही बोलला का? अगं, ऐकलंस का?"

मी त्याला शांत केलं, चूक झाली म्हटलं. आपल्या माणसांच्या घरी गेल्यावर दारातून परतता येत नाही. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि ल्यूबाईने दोन पेले गरम पाणी आणलं. बैठकीच्या खोलीत एसी धापा टाकत होता. खिडकीवर चांदीचा कागद, त्यावर जुनी चादर, तरी सोफा तव्यासारखा.

"साहेब, खिडकीजवळ बसा ना," मी म्हटलं. "दक्षिणेची आहे. दिवसभर भरपूर ऊन. उबदार आणि प्रसन्न."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घाम त्यांच्या कानामागून सदऱ्यात उतरत होता. ते बसले, गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून. मी त्यांना पंधरा मिनिटं बसवलं. ल्यूबाई मुलांच्या गोष्टी सांगत होती.

खाली उतरल्यावर मी गाओ लेईला चहा पिऊन ये म्हणून पाठवलं. साहेब गाडीला टेकून म्हणाले, "फाइल माझ्या गाडीच्या डिकीत आहे. खाटेवरच्या चादरीत गुंडाळून केबिनमध्ये नेली होती."

"आणि रुओलान?"

"मला तिचं वाईट करायचं नव्हतं. कुणीतरी बाहेरच्याने चोरली असं म्हणणार होतो. कुलपाची नोंद तुम्ही काढलीत, आणि मग तिच्या बॅगेतून ते पत्र निघालं."

"आणि सोपं झालं."

"हो." त्यांनी मान खाली घातली. "तीनशे घरं झाली तरच सही, असं ठरलंय. दोनशे बासष्टवर सही नाही. सही नाही तर पुढच्या महिन्यात कंपनी बंद, आणि कंपनी बंद म्हणजे पाचही जणांचे व्हिसा गेले. तुमचासुद्धा. घरं मी नंतर बघून घेणार होतो, शपथ. एक मुलगी गेली तर चौघं राहतात, होंगताई. तुम्हीच सांगा, काय करू?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर माझं मन डळमळलं. मी चोपन्न वर्षांची आहे. या वयात मला दुसरी नोकरी कोण देणार? गप्प बसायचं आणि आपलं बूड शाबूत ठेवायचं, एवढंच तर करायचं होतं.

पण मला डोळ्यांपुढे एक पोरगं दिसलं. नुकतं विमानातून उतरलेलं, दोन बॅगा घेऊन सात मजले चढून ल्यूंच्या दारात उभं, हातात आमचं ॲप. असली पोरं मी बारा वर्षं फसवली आहेत. ती कशी बघतात ते मला माहीत आहे. त्याची मला लाज वाटते, आणि पुन्हा तेच करायची माझी तयारी नव्हती.

"पाहुण्यांना उद्या तुम्ही सांगायचं," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगेन, आणि मी रंगवून सांगते."

"कंपनी बुडेल."

"बुडू दे. चोर म्हणून ती पोर घरी जाणार नाही."

६

गुरुवारी शेन्जेनहून आलेल्या पाहुण्या फूबाईंसमोर साहेबांनी फाइल ठेवली आणि सांगितलं, की घरं तीनशे नाहीत, दोनशे बासष्ट आहेत, आणि उरलेली त्यांनी स्वतः रचली. फूबाईंनी कागद एकेक करून मोजले. काही वाचले, एका ठिकाणी हसल्यासुद्धा, बहुतेक त्या ओरडणाऱ्या चिमणीपाशी. मग फाइल मिटली.

"आज सही नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी येईन. तेव्हा कागद मोजणार नाही, घरं बघेन. तोवर टिकलात तर बोलू."

त्या गेल्यावर साहेबांनी आम्हाला सांगितलं, की तीन महिने अर्ध्या पगारावर निघतील, ज्याला जायचं त्याने जावं. पेंगने खांदे उडवले. गाओ लेई म्हणाला, "अर्ध्या पगारात मी अर्धेच जिने चढेन." कोणी उठलं नाही. पण सगळ्यांचं लक्ष रुओलानकडे होतं. तिने सकाळीच तिच्या मेजावरचा कप आणि उशी पिशवीत भरली होती.

साहेब तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी एक कागद पुढे केला. छापलेला माफीनामा, खाली कंपनीचा लाल शिक्का.

"कागद राहू दे," ती म्हणाली. "माझ्या आईला फोन लावा."

"लावतो. आत जाऊन..."

"इथेच. स्पीकरवर. त्या दिवशी लावलात तसा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. त्यांनी फोन लावला. चार दिवस लेकीचा फोन न उचलणाऱ्या त्या बाईने साहेबांचा फोन दुसऱ्याच घंटेला उचलला. मागून गलका ऐकू येत होता, कोणीतरी माइकवर भराभर नावं पुकारत होतं.

"मी दुबईहून त्सुई बोलतोय," साहेब म्हणाले. "त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमच्या मुलीने काही घेतलं नाही. वस्तू मी घेतली होती आणि आळ तिच्यावर घातला. मी तुमची माफी मागतो."

"तिने घेतलं नाही हे मला कुणी सांगायला नको होतं," पलीकडून शांत आवाज आला. शाळेत फळ्यासमोर बोलावा तसा. "हे तुम्हाला सांगायला मीच निघालेय. ग्वांगचौच्या विमानतळावर आहे. नववर्षाला लेकीकडे यायचं म्हणून पासपोर्ट काढून ठेवला होता, तो आताच कामी आला. पहाटे पोचते."

"आता यायची गरज नाही, खरंच, मी सगळ्यांसमोर..."

"तिकीट काढलंय." ती थोडी थांबली. "तिचे फोन मी उचलले नाहीत. ती रडली असती, तर माझ्याने घराबाहेर पडणं झालं नसतं. तिच्याकडे द्या फोन."

साहेबांनी दोन्ही हातांनी फोन पुढे केला. रुओलानने तो कानाला लावला, "आई" म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.